बाहेर येण्याची रीत

लपण्याचं प्रकरण मी मराठीत आणून संपवलं त्याच संध्याकाळी माझा नवरा भिंतीत गेला. हॉलमध्ये कॅलेंडर आणि दिव्यांची बटणं यांच्यामध्ये थोडी मोकळी जागा आहे. तिथे तो पाठ टेकवून उभा राहिला, उजव्या हाताच्या बाहीने त्याने डोळ्यांखालचा चेहरा झाकला, श्वास लांबवला, आणि तिथे नुसती भिंत उरली. भाषांतर चांगलं झालं होतं. मला आधी तेवढंच वाटलं.

माझं काम असं आहे की मी जपानी यंत्रांच्या माहितीपुस्तिका मराठीत आणते. चाकणच्या कारखान्यांत यंत्र येतं, यंत्राबरोबर जाडजूड पुस्तिका येते, आणि कामगारांच्या हातात पडण्याआधी ती माझ्या जेवणाच्या टेबलावरून जाते. एक परिच्छेद झाला की मी तो मोठ्याने वाचते आणि श्रीरंग तो हाताने करून दाखवतो. यंत्र अर्थातच घरात नसतं, म्हणून तो स्टुलाला यंत्र मानतो. "झाकण डावीकडे फिरवून काढा" असं मी वाचलं की तो झाकण डावीकडे फिरवून काढतो आणि व्यवस्थित बाजूला ठेवतो. तो अडखळला की समजायचं, वाक्य चुकलं. स्वतःच्या मनाचं त्यात तो काडीचंही घालत नाही. या कामाला असा माणूस मिळायला भाग्य लागतं, आणि संसाराला मिळाला तर थोडं सोसावं लागतं. औषधाच्या बाटलीवर "वापरण्यापूर्वी हलवा" लिहिलेलं असेल तर श्रीरंग ती हलवतोच, पण लग्नपत्रिकेवर "सहकुटुंब" लिहिलेलं असेल तर मला ताप असला तरी घेऊन जातो.

या वेळी मात्र यंत्राचं काम नव्हतं. केळुसकर नावाचे प्रकाशक एक जुनी जपानी पोथी घेऊन आले होते. कुणा म्हाताऱ्या हेराने आपल्या घराण्यातल्या पुढच्या हेरांसाठी ती लिहून ठेवली होती. शत्रूच्या मुलखात कसं शिरावं, कसं चालावं, कसं लपावं, काय ऐकावं, सगळं तीत होतं. मी चाळून पाहिली आणि म्हटलं, ही माहितीपुस्तिकाच आहे, फक्त यंत्राच्या जागी माणूस आहे. मग पद्धतही तीच ठेवली.

चालण्याच्या प्रकरणानंतर श्रीरंगच्या चपलांचा आवाज बंद झाला. माझ्या कोपरापाशी चहाचा कप आपोआप उगवायचा आणि मी दचकायचे. वेळ मांजराच्या डोळ्यांवरून ओळखावी, असं पुढच्या प्रकरणात होतं. ते वाचलं त्या दिवशी आमचं घड्याळ थांबलं आणि शेजारच्या लिमयांची मांजर येऊन त्याच्या खाली बसायला लागली. तिच्या बाहुल्या बारीक झाल्या की मी कुकर लावायची. आमची काही तक्रार नव्हती.

लपण्याच्या प्रकरणात बाहीने तोंड झाकायला सांगितलं होतं. श्रीरंग घरात बनियनवर असतो. "बाही हवी," असं म्हणून तो आत गेला आणि लग्नसमारंभाला घालायचा लांब बाह्यांचा शर्ट चढवून आला. पुढे लिहिलं होतं, मरीची देवीचं नाव मनात घ्यावं.

"देवी आपलीच निघाली की," तो खूश होऊन म्हणाला, आणि भिंतीला टेकला.

मी संपूर्ण परिच्छेद वाचला. तो कुठेही अडखळला नाही.

"छान," मी म्हटलं. "ये आता."

"वाच," भिंत म्हणाली. आवाज श्रीरंगचाच होता, फक्त घसा बसल्यासारखा.

"काय वाचू?"

"पुढचं. बाहेर कसं यायचं ते."

मी पान उलटलं. मुळात दोनच वाक्यं होती. "बाहेर येण्याची रीत आहे. ती तोंडी सांगावी." त्याखाली थेट कौलांवर चढण्याचं प्रकरण सुरू होत होतं.

हे पोथीत ठिकठिकाणी होतं. अगदी गरजेची गोष्ट आली की म्हातारा लेखणी आवरती घ्यायचा. पोथी शत्रूच्या हातात पडली तर काय घ्या, म्हणून मोलाचं ते गुरूने शिष्याच्या कानातच सांगायचं. दुपारी भाषांतर करताना मला हे गोड वाटलं होतं. आता तळपायाची आग मस्तकात गेली. यंत्राच्या पुस्तिकेत "चालू करा" नंतर "बंद करा" असतंच असतं. नसतं तर मी ती पुस्तिका कंपनीला परत पाठवली असती.

"तोंडी सांगावी, असं लिहिलंय," मी म्हटलं.

"मग सांग."

"मला कोणी सांगितलेली नाही."

"बरं," श्रीरंग म्हणाला. "मी थांबतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन हॉलमध्ये आले तेव्हा भिंत वीतभर पुढे आली होती. फरशीची एक ओळ तिच्याखाली गेली होती. कॅलेंडर तसंच होतं, बटणंही तशीच होती आणि दिवा लागत होता. मी खुर्ची घेऊन भिंतीसमोर बसले. मी बघत होते तोवर भिंत हलली नाही. दूध उतू जातंय म्हणून स्वयंपाकघरात धावले, परत आले, तर खुर्चीचे पुढचे पाय मागे ढकलले गेले होते.

"तू सरकतोयस का?" मी विचारलं.

"भाजी कसली आहे आज?"

"दोडका."

"मग मी बरा आहे इथे," तो म्हणाला.

त्या दिवशी तो असा बोलत होता. मीही हसले. मग मी कामाला बसले, भिंतीकडे तोंड करून, आणि पुढचं पान मनातल्या मनात मराठीत आणलं. "जो फार काळ लपून राहतो त्याला आपण भिंतच आहोत असं वाटू लागतं. आधी त्याची वाचा जाते. मग त्याला आपली माणसं आठवत नाहीत. मग लपलेला असा कोणी राहतच नाही." हा परिच्छेद मी मोठ्याने वाचला नाही. सगळ्या आयुष्यात, वाचून न दाखवलेला माझा हा एकच परिच्छेद.

त्यानंतर मी हाका मारल्या. प्रेमाने मारल्या, रागाने मारल्या, ज्या नावाने मी त्याला फक्त बंद दाराआड हाक मारते त्या नावानेही मारली. भिंत ढिम्म. मग आठवलं. पोथीच्या पहिल्याच प्रकरणात होतं, "नावाने हाक आली तरी येऊ नये, शत्रूलाही नाव ठाऊक असतं." ते त्याला मीच वाचून दाखवलं होतं, अगदी स्पष्ट, शब्द न शब्द.

शेवटी मी स्वतःच एक रीत लिहिली. श्वास सोडावा, बाही खाली करावी, डावा पाय आधी पुढे टाकावा, मग उजवा. पोथीच्या भाषेत, पोथीच्या तोऱ्यात लिहिली आणि भिंतीसमोर उभं राहून वाचली.

मग भिंत हळू आवाजात म्हणाली, "हे मुळात नाही."

माझी इतकी भाषांतरं त्याने हाताने करून पाहिली होती. पदरचं काय आणि मुळातलं काय, हे त्याला कळणार नाही तर कुणाला. त्यानंतर तो काही बोलला नाही.

मी भिंतीवरची नजर काढेनाशी झाले. जेवताना ताट मांडीवर घेऊन तिच्याकडे बघत जेवायची. तरी माणसाला आंघोळ असते, दार उघडायला जायचं असतं, शिंक आली तर डोळे मिटतात. तेवढ्यात भिंत पुढे यायची. सोफा खिडकीला जाऊन भिडला. टेबल तिरकं झालं. मांजर आता घड्याळाखाली न बसता माझ्या पायांशी बसायची, कारण दुसरीकडे जागा नव्हती.

केळुसकर आले तेव्हा ते खुर्चीत मावले, पण त्यांचे गुडघे भिंतीला लागत होते.

"मॅडम, हॉल एवढाच होता का हो?"

"नाही."

"सर?"

"आत आहेत."

"झोपलेत वाटतं. असू द्या, उठवू नका." त्यांनी माझी पानं मांडीवर घेतली आणि बोट फिरवत त्या दोन वाक्यांपाशी थांबले. "हे काय? रीत आहे, ती तोंडी सांगावी? वाचक पुस्तक विकत घेणार आणि आपण त्याला असं अर्ध्यात सोडणार? काहीतरी घालून टाका."

"घालून बघितलं. चालत नाही."

"मग ओळ काढूनच टाका. कोण मूळ उघडून बघतंय?"

"काढली तर रीत आहे हेसुद्धा कुणाला कळणार नाही," मी म्हटलं.

बोलून गेले आणि मग माझं मलाच ऐकू आलं. इतके दिवस मी त्या दोन वाक्यांतल्या दुसऱ्यावर चिडत होते. पहिलं नीट वाचलंच नव्हतं. बाहेर येण्याची रीत आहे, असं त्या म्हाताऱ्याने लिहून ठेवलं होतं, आणि तो काही उगाच दिलासा देणाऱ्यातला नव्हता. मला एकदम भूक लागली. केळुसकर गेल्यावर मी उभ्या उभ्या दोन पोळ्या गुळाबरोबर खाल्ल्या.

पण पोळ्या खाताना पाठ वळली होती, आणि भिंतीने टेबलाचा एक पाय मोडला. तो आवाज ऐकून माझा धीर सुटला. मी बेडरूममधलं लोखंडी कपाट रिकामं केलं, ढकलत ढकलत आणलं आणि भिंत व समोरची खिडकी यांच्यामध्ये आडवं ठोकून बसवलं. भिंत थांबली. मी नजर काढली तरी थांबली. मला वाटलं, चला, वेळ तरी मिळाला.

संध्याकाळी केर काढताना कपाटाखालून तांदूळ निघाले. थोडेसेच होते, काही लाल, काही पिवळे. भिंतीच्या कडेला, फरशीला जिथे ती टेकते तिथे, आणखी होते. मी पोथीतलं तांदळाचं प्रकरण काढलं, ते अजून झालं नव्हतं. हेर तांदूळ रंगवून वाटेवर टाकतात, मागून येणाऱ्या आपल्या माणसाला खूण म्हणून. कोणत्या रंगाचा अर्थ काय, हे दोघांनी आधी ठरवून ठेवावं. कसं ठरवावं, तर तोंडी.

श्रीरंगने आणि मी रंगीत तांदळाबद्दल काही ठरवलं असेल तर ते एकदाच, सांगलीच्या एका मंगल कार्यालयात, सगळ्या गोतावळ्यासमोर. त्यातल्या निम्म्या अक्षता त्याच्या कॉलरमधून आत गेल्या होत्या आणि जेवणं होईपर्यंत तो खांदे उडवत होता. म्हणजे तो मला विसरला नव्हता. मी केरसुणी टाकली, खाली बसले आणि मनसोक्त रडले. मग ते तांदूळ एकेक करून वेचले आणि पदराच्या टोकाला बांधून ठेवले. अक्षता काही केरात टाकत नाहीत.

शैलाताई दुसऱ्या दिवशी सांगलीहून आल्या. या श्रीरंगच्या थोरल्या बहीण, वर्षातून एकदा डिंकाचे लाडू घेऊन येतात. त्यांना दारातून आडवं होऊन आत यावं लागलं. हॉलचा आता बोळ झाला होता. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला खिडकी, मध्ये आडवं कपाट आणि आम्ही दोघी.

"रंगा कुठाय गं?"

"भिंतीत आहे, ताई."

शैलाताईंनी भिंतीकडे पाहिलं. कॅलेंडरचं पान सरळ केलं. मग लाडवांचा डबा कपाटावर ठेवला.

"अजून सवय गेली नाही म्हणायची," त्या म्हणाल्या. "किती दिवस झाले?"

"बरेच."

"हाका मारल्यास?"

"मारल्या. येत नाही."

"हाकेला तो कधीच यायचा नाही. लहानपणी आमच्या गल्लीत लपाछपी खेळताना एकदा रॉकेलच्या रिकाम्या पिंपात जाऊन बसला. दुपार गेली. आई रडायला लागली, सगळी गल्ली नावाने ओरडतेय, हरलो म्हणतेय, आणि हा ऐकतोय आत बसून. त्याला वाटायचं, फसवून बाहेर काढतात." त्यांनी डब्याचं झाकण उघडून मला एक लाडू दिला. "राज्य कुणावर आहे?"

"म्हणजे?"

"अगं, शोधणारं कोण?"

"मीच. दुसरं कोण आहे घरात?"

"आणि तू काय करतेस?"

"बघत बसते. नजर काढली की भिंत पुढे येते. काल तर टेबल मोडलं, म्हणून हे कपाट लावलं मध्ये."

शैलाताई हसायला लागल्या. हसता हसता त्यांना भिंतीचाच आधार घ्यावा लागला.

"वृंदा, काय तू पण! येणारच की पुढे. तो धप्पा द्यायला येतोय. तू सारखी वळून बघतेस, मग तो बिचारा थांबतो. आणि वर कपाट लावतेस मध्ये!"

लाडू माझ्या तोंडातच राहिला.

"त्या दिवशी पिंपातून कसा आला बाहेर?" मी विचारलं.

"आई दमली. पायरीवर बसली, रस्त्याकडे तोंड करून, आता काय होईल ते होवो म्हणून. आला मागून, आणि दिला धप्पा. पाठीवर रॉकेलचे पंजे उठले तिच्या. आधी बदडला आणि मग जवळ घेतला."

"हे कुठे लिहिलेलं असतं का, ताई?"

"यात लिहायचं काय? पोरं एकमेकांना सांगतात."

आम्ही दोघींनी मिळून कपाट काढलं. शैलाताईंचं वय आता सत्तरीच्या पुढे आहे, पण जोर लावताना त्या लहान मुलीसारख्या खिदळत होत्या. कपाट बेडरूममध्ये गेलं. सोफाही गेला. मोडकं टेबल मी बेडरूमच्या दारातून गॅलरीत ढकललं, पोथी आणि माझी पानं मात्र स्वयंपाकघरात फडताळात ठेवली.

"मी जिन्यात थांबते," शैलाताई म्हणाल्या. "आता इथे तिघांना जागा नाही. आणि हे बघ, लबाडी नको. डोळे किलकिले केलेस तर त्याला कळतं. खरी पाठ दे."

त्यांनी जाताना मांजरीलाही उचलून नेलं. दार लागलं.

मी भिंतीकडे शेवटचं पाहिलं. कॅलेंडर, बटणं, मधली मोकळी जागा. बोलावंसं वाटलं, पण राज्य असलेल्या माणसाने लपलेल्याशी बोलायचं नसतं. मग मी खिडकीकडे तोंड केलं, तळहात डोळ्यांवर ठेवले आणि मोठ्याने आकडे म्हणायला सुरुवात केली.

सुरुवातीला काहीच झालं नाही. खाली रस्त्यावर भाजीवाला ओरडत होता, वरच्या मजल्यावर कुणीतरी कपडे आपटत होतं. मग फरशीवर घासल्याचा आवाज आला, पोत्यातून वाळू सांडावी तसा, आणि थांबला. मान वळवायची इच्छा इतकी झाली की मी कपाळ खिडकीच्या गजांना लावलं. मला भीती वाटत होती. पुढे येणारी भिंत म्हणजे श्रीरंगच, असं मी धरून चालले होते. पण नुसती भिंत असेल तर? तर ती गजांपर्यंत येईल आणि मध्ये मी असेन. तरी मी डोळे उघडले नाहीत. जन्मभर माझं प्रत्येक वाक्य त्याने विश्वास ठेवून करून पाहिलं होतं. आता वाचणारा तो होता, करून बघणारी मी.

घासल्याचा आवाज पुन्हा सुरू झाला आणि या वेळी थांबला नाही. मागची हवा कमी होत गेली. जिन्यात बोलल्यासारखा माझाच आवाज मला जवळून ऐकू यायला लागला. कॅलेंडरच्या पानाने माझे केस उडाले. मला चुन्याचा वास आला, त्याच्यामागून कपाटातल्या डांबरगोळ्यांचा, लग्नाच्या शर्टाला येतो तो. तांदळाच्या एका दाण्याने टप्प असा फरशीवर आवाज केला, मग दुसऱ्याने.

गजांच्या आणि माझ्या नाकाच्या मध्ये आता काहीच उरलं नव्हतं. मी पुढचा आकडा म्हटला. माझ्या पाठीला बाहीचं थंड बटण टेकलं, आणि मागे कुणीतरी, ओरडण्याआधी पोरं घेतात तसा, भला मोठा श्वास आत घेतला